विल्यम हर्शेल: भाड्याच्या दुर्बिणीपासून नव्या ग्रहापर्यंत

पंचांगात किंवा कुणाच्या तरी पत्रिकेत 'हर्षल' हे नाव तुम्ही पाहिलं असेल. शाळेच्या पुस्तकात त्याच ग्रहाला युरेनस म्हणतात. आपल्याकडे रुळलेलं हे 'हर्षल' नाव एका माणसाच्या आडनावावरून आलंय. तो माणूस म्हणजे विल्यम हर्शेल. त्याच्याकडे खगोलशास्त्राची पदवी नव्हती आणि तो कुठल्या वेधशाळेत नोकरीलाही नव्हता. तो चर्चमध्ये ऑर्गन वाजवायचा आणि संगीताच्या शिकवण्या घ्यायचा.

मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे, आणि रात्रीचं आकाश बघणं हा माझा छंद. त्यामुळे मित्रांचे आणि त्यांच्या धाकट्या भावंडांचे मेसेज येतात: पहिली दुर्बीण कुठली घेऊ? सोबत शॉपिंग ॲपचे चार-पाच स्क्रीनशॉट. भिंगाची घेऊ की आरशाची? किती एक्स हवं? मोबाईलनं फोटो येतील का? यातले फोटो सोडले तर बाकीचे प्रश्न हर्शेललाही १७७३ साली पडले होते, आणि त्यांची उत्तरं त्यानं स्वतःच्या पैशांनी आणि स्वतःच्या हातांनी शोधली. पुढे त्यानं त्या काळातली जगातली सगळ्यात मोठी दुर्बीणसुद्धा बांधली. गंमत म्हणजे, त्याचं बहुतेक महत्त्वाचं काम त्या सगळ्यात मोठ्या दुर्बिणीनं झालंच नाही. असं का झालं, हे समजलं की तुमचा पहिला सेटअप निवडणं बरंच सोपं होतं.

बँडमधला मुलगा

विल्यमचा जन्म १५ नोव्हेंबर १७३८ चा, हॅनोव्हरचा. हे शहर आज जर्मनीत आहे. वडील लष्करी बँडमध्ये ओबो नावाचं वाद्य वाजवायचे, आणि विल्यमही चौदाव्या वर्षी त्याच बँडमध्ये लागला. १७५७ मध्ये फ्रेंच सैन्याशी लढाई झाली, हॅनोव्हरची बाजू हरली, आणि एकोणीस वर्षांचा विल्यम भावासोबत इंग्लंडला निघून गेला. त्या वेळी हॅनोव्हर आणि इंग्लंडचा राजा एकच होता, त्यामुळे तिकडे जाणं त्या मानानं सोपं होतं.

सुरुवातीला तो दुसऱ्यांसाठी स्वरलिपीच्या नकला उतरवून पोट भरायचा. मग उत्तर इंग्लंडमध्ये वेगवेगळ्या गावी त्यानं वादक, शिक्षक, संगीतकार अशी कामं केली. १७६६ मध्ये बाथ या शहरातल्या ऑक्टॅगन चॅपलमध्ये ऑर्गनवादक म्हणून त्याला पक्की जागा मिळाली. बाथ म्हणजे श्रीमंत लोकांचं हवापालटाचं गाव. तिथे शिकवण्यांना तोटा नव्हता. एव्हाना त्यानं वीसहून जास्त सिंफनी लिहिल्या होत्या. थोडक्यात, माणूस तिशीत होता, कमाई चांगली होती, वेळ मात्र अजिबात नव्हता.

१७७२ मध्ये त्यानं धाकट्या बहिणीला, कॅरोलाइनला, हॅनोव्हरहून बाथला आणलं. ती बावीस वर्षांची होती. लहानपणीच्या आजारपणामुळे तिची उंची सव्वाचार फुटांवर थांबली होती, आणि घरच्यांनी तिला जवळपास मोलकरणीसारखं राबवायचं ठरवून टाकलं होतं. विल्यमनं तिला गाणं शिकवलं, इंग्रजी शिकवलं, हिशेब शिकवला. तिनं बाथमध्ये गायिका म्हणून नावही कमावलं. ही कॅरोलाइन लक्षात ठेवा. पुढची सगळी गोष्ट तिच्याशिवाय घडत नाही.

१७७३: आधी पुस्तक, मग भाड्याची दुर्बीण

संगीताच्या गणितावरचं एक पुस्तक विल्यमला आवडलं. त्याच लेखकाचं, रॉबर्ट स्मिथचं, प्रकाशशास्त्रावरचं पुस्तकही त्यानं मिळवलं. त्यात दुर्बीण कशी बनवायची ते दिलेलं होतं. १७७३ च्या मे महिन्यात त्यानं जेम्स फर्ग्युसनचं खगोलशास्त्राचं पुस्तक विकत घेतलं, आणि मग त्याला चैन पडेना.

त्याची पहिली पायरी बघा. त्यानं एक लहान आरशाची दुर्बीण भाड्यानं आणली. आधी वापरून बघितली, मग पुढचं ठरवलं. सोबत भिंगं विकत आणून लांबलचक नळ्यांच्या दुर्बिणीही करून पाहिल्या. तेव्हाच्या साध्या भिंगाची अडचण अशी, की ते वेगवेगळ्या रंगांचा प्रकाश वेगवेगळ्या ठिकाणी एकत्र आणतं. त्यामुळे ताऱ्याभोवती रंगीत झालर दिसते. झालर कमी करायची तर भिंग फार कमी वक्र घ्यावं लागतं, आणि मग नळी लांबच लांब होते. वीस फुटांच्या घरातली पुठ्ठ्याची नळी बनवायचं काम कॅरोलाइनकडे आलं. ती नळी स्वतःच्याच वजनानं वाकायची. शेवटी पत्र्याच्या नळ्या करून घ्याव्या लागल्या. त्याही हाताळायला कठीण. एवढी लांब नळी एका ताऱ्यावर स्थिर धरणं म्हणजे दिव्य!

आरशाला हा रंगाचा त्रास नसतो, कारण प्रकाश काचेतून जातच नाही, नुसता परावर्तित होतो. म्हणून हर्शेल आरशाकडे वळला. मोठा आरसा विकत घ्यायला गेला तर किंमत परवडेना. बाथमध्येच एका गृहस्थानं आरसे घासण्याचा छंद करून सोडून दिला होता. त्याची हत्यारं आणि अर्धवट घासलेले आरसे हर्शेलनं विकत घेतले.

आजच्या खरेदीला हे जसंच्या तसं लागू होतं. आज भिंगाच्या दुर्बिणीत दोन वेगळ्या काचांचं जोडभिंग असतं, त्यामुळे रंगाची झालर बरीच कमी झालीय. तरीही त्याच पैशात आरशाची दुर्बीण जास्त व्यासाची मिळते. आणि भाड्याच्या दुर्बिणीची जागा आज आकाशदर्शनाच्या कार्यक्रमांनी घेतलीय. एखाद्या खगोलप्रेमी मंडळासोबत एक रात्र काढा आणि पाच-सहा वेगवेगळ्या दुर्बिणींतून बघा. स्क्रीनशॉट बघून जे कळत नाही ते तिथे दोन तासांत कळतं.

घरातला कारखाना

त्या काळी दुर्बिणीचे आरसे काचेचे नसत. तांबं आणि कथील यांचा मिश्रधातू ओतायचा, मग तासन् तास घासून चकचकीत करायचा. बाथमधल्या घराचा कारखाना झाला. भाऊ अलेक्झांडर सुतारकाम आणि यंत्रकाम बघायचा. एका आरशाला शेवटची चकाकी देताना विल्यमनं सलग सोळा तास हात उचलला नाही, कारण मध्ये थांबलं तर आकार बिघडला असता. कॅरोलाइन त्याला घास भरवायची आणि कंटाळा येऊ नये म्हणून कादंबऱ्या वाचून दाखवायची.

१ मार्च १७७४ ला त्यानं स्वतः बनवलेल्या साडेपाच फुटी दुर्बिणीतून शनीची कडी आणि मृग नक्षत्रातला तेजोमेघ पाहिला, आणि वहीत नोंद केली. ही त्याची पहिली नोंद. पुढे सात फुटी दुर्बीण झाली, तीच त्याची सगळ्यात प्रसिद्ध दुर्बीण.

इथे एक गोष्ट समजून घेऊ. हे फूट म्हणजे आरशापासून प्रतिमा किती अंतरावर तयार होते ते अंतर, साधारण नळीची लांबी. आज आपण दुर्बीण ओळखतो ती आरशाच्या किंवा भिंगाच्या व्यासावरून. सात फुटी दुर्बिणीच्या आरशाचा व्यास होता ६.२ इंच, म्हणजे सुमारे १५७ मिलिमीटर. दुर्बीण किती प्रकाश गोळा करते ते या व्यासाच्या वर्गावर ठरतं. अंधारात आपल्या डोळ्याची बाहुली साधारण ७ मिमी उघडते. म्हणजे १५७ मिमीचा आरसा डोळ्याच्या जवळपास ५०० पट क्षेत्रफळावरचा प्रकाश पकडतो. फोनच्या कॅमेऱ्यात मोठा सेन्सर आणि मोठं ॲपर्चर का हवं, त्याचंच हे भावंड.

पण हर्शेलचा धातूचा आरसा पडलेल्या प्रकाशातला साधारण ६० टक्केच परत पाठवायचा. दुर्बिणीत दोन आरसे, म्हणजे ६० टक्क्यांचे ६० टक्के, हातात उरले ३६. आजच्या काचेच्या आरशावर ॲल्युमिनियमचा पातळ थर असतो, तो ८८-९० टक्के प्रकाश परत देतो. दोन आरशांनंतरही पाऊणच्या वर प्रकाश शिल्लक राहतो. आता हिशेब करा: आज नवशिक्यांसाठी मिळणारी ११४ मिमीची दुर्बीण डोळ्यापर्यंत जवळजवळ तेवढाच प्रकाश पोचवते जेवढा हर्शेलची सात फुटी पोचवायची. बारीक तपशील वेगळे दाखवण्यात त्याचा मोठा आरसा पुढे राहील, ते व्यासावरच ठरतं. पण प्रकाशाच्या बाबतीत, ज्या दुर्बिणीनं नवा ग्रह सापडला तिच्या तोडीचं साधन आज हौशी माणसाच्या टेबलावर मावतं.

दुर्बीण रस्त्यावर

हर्शेलनं आपल्या सात फुटीला लाकडी चौकटीचा दणकट स्टँड केला. नळी वर-खाली आणि डावी-उजवीकडे अलगद सरकायची. हे काम मी आरशाइतकंच मोठं मानतो. चंद्राची रुंदी आकाशात जेमतेम अर्धा अंश आहे, आणि पृथ्वी फिरते म्हणून आकाश तासाला १५ अंशांनी सरकतं. म्हणजे १०० पट मोठं करून बघताना एखादी गोष्ट दोनेक मिनिटांत नजरेबाहेर जाते. स्टँड डगमगत असेल तर तेवढ्या वेळात ती स्थिरसुद्धा होत नाही. स्वस्त दुर्बिणी दोन महिन्यांत माळ्यावर जातात, त्याचं सगळ्यात मोठं कारण हा लडबडणारा ट्रायपॉड.

१७७९ च्या शेवटी हर्शेल चंद्रावरच्या डोंगरांची उंची मोजत होता. चंद्र घराच्या समोरच्या बाजूला होता, म्हणून त्यानं दुर्बीण सरळ रस्त्यावर मांडली. जाता जाता विल्यम वॉटसन नावाचे एक डॉक्टर थांबले आणि बघू का म्हणून विचारू लागले. त्यांनी बघितलं आणि दुसऱ्या दिवशी आभार मानायला घरी आले. पुढे त्यांनीच हर्शेलला बाथच्या विद्वान मंडळात नेलं आणि त्याचे निबंध लंडनच्या रॉयल सोसायटीपर्यंत पोचवले. उचलून रस्त्यावर आणता येईल अशी ती दुर्बीण होती, म्हणून ही ओळख झाली.

१३ मार्च १७८१

या काळात हर्शेल आठवड्याला तीसहून जास्त शिकवण्या घेत होता आणि रात्री आकाश बघत होता. पण नुसतं इकडेतिकडे बघत नव्हता. जोडतारे शोधायचे म्हणून तो एकेक तारा क्रमानं तपासत होता. प्रोग्रामिंगच्या भाषेत सांगायचं तर सगळ्या यादीवर एक लूप चालवत होता.

१३ मार्च १७८१ च्या रात्री दहा ते अकराच्या दरम्यान, न्यू किंग स्ट्रीटवरच्या घरामागच्या बागेत, वृषभ आणि मिथुन यांच्या सीमेजवळ त्याला एक तारा जरा वेगळा वाटला. तेव्हा आयपीस २२७ पट मोठं दाखवणारा होता. त्यानं आयपीस बदलला, ४६० पट केलं, मग ९३२ पट. तारा इतका दूर असतो की कितीही मोठं करा, तो ठिपकाच राहतो. हा ठिपका मात्र पटीच्या प्रमाणात मोठा होत गेला. म्हणजे ही थाळी होती, तारा नव्हता. काही दिवसांत तो जागेवरून सरकलेलाही दिसला.

हर्शेलला वाटलं धूमकेतू असावा, आणि त्यानं तसंच कळवलं. पण युरोपातल्या गणितज्ञांनी, विशेषतः अँडर्स लेक्सेल यांनी, कक्षा मोजली तेव्हा ती जवळपास वर्तुळाकार निघाली, शनीच्या दुप्पट अंतरावर. माणसाला अनादि काळापासून माहीत असलेल्या ग्रहांत पहिल्यांदाच एकाची भर पडली. मागच्या नोंदी चाळल्या तर कळलं, की १६९० मध्येच इंग्लंडच्या जॉन फ्लॅमस्टीड यांनी हाच ग्रह पाहून साधा तारा म्हणून नकाशात टाकला होता. बघितलं अनेकांनी, ओळखलं हर्शेलनं.

आता या एक्सकडे येऊ, कारण दुकानदार सगळ्यात जास्त फसवतात ते इथे. दुर्बिणीचं फोकल अंतर भागिले आयपीसचं फोकल अंतर, एवढंच त्याचं गणित. छोटा आयपीस लावला की कुठलीही दुर्बीण ५०० एक्स होते, पण चित्र अंधुक आणि पुसट दिसतं. उपयोगी मर्यादा साधारण व्यासाच्या मिलिमीटरच्या दुप्पट. ६० मिमीच्या दुर्बिणीला १२०, हर्शेलच्या १५७ मिमीला तीनशेच्या थोडं वर. त्याचं रोजचं २२७ हे त्या मर्यादेच्या आत होतं. पुढचं ४६० आणि ९३२ त्यानं सौंदर्यासाठी वापरलं नाही, एक ठरावीक गोष्ट तपासायला वापरलं. तेव्हा खोक्यावर ५२५ एक्स लिहिलं असेल तर ते वाचून पुढे व्हा, व्यास शोधा.

राजाचा खगोलशास्त्रज्ञ आणि बहिणीची वही

त्याच वर्षी रॉयल सोसायटीनं हर्शेलला कोप्ली पदक दिलं. १७८२ मध्ये त्याची दुर्बीण ग्रिनिचच्या सरकारी वेधशाळेत नेऊन तिथल्या दुर्बिणींशी ताडून बघितली, तर घरात बनवलेली हीच सरस ठरली. राजा तिसरा जॉर्ज यानं त्याला वर्षाला २०० पाउंड देऊ केले. संगीताच्या कमाईपेक्षा हे कमी होतं, तरी त्यानं घेतले आणि बाथ सोडलं.

कॅरोलाइनसाठी हा निर्णय सोपा नव्हता. तिची गायनाची कारकीर्द आत्ता कुठे उभी राहत होती, १७७८ मध्ये तिला बाहेरगावच्या महोत्सवात गाण्याचं बोलावणंही आलं होतं. भावासोबत जायचं म्हणजे गाणं संपलं. ती गेली.

विंडसरजवळ आल्यावर त्यांनी वीस फुटी दुर्बीण उभारली, आरसा सुमारे ४७ सेंटीमीटरचा. कामाची पद्धत ठरलेली होती. विल्यम उंच माचीवर उभा राहून बघायचा आणि दिसेल ते ओरडून सांगायचा. कॅरोलाइन खिडकीशी घड्याळ, ताऱ्यांची यादी आणि मेणबत्ती घेऊन लिहून घ्यायची. विल्यमनं स्वतः का नाही लिहिलं? डोळा अंधाराला पूर्ण सरावायला वीस ते तीस मिनिटं लागतात, आणि एका क्षणाच्या उजेडानं ते सगळं वाया जातं. आपल्या बाबतीत तो उजेड म्हणजे खिशातला फोन. दुर्बिणीजवळ असताना ब्राइटनेस अगदी कमी करा आणि आकाशाच्या ॲपमधला लाल रंगाचा नाइट मोड चालू ठेवा. या एका सवयीनं फुकटात दुर्बीण अपग्रेड होते.

ही जोडी वीस वर्षं थंडीत काम करत राहिली. १७८३ च्या शेवटच्या रात्री बर्फात धावताना दुर्बिणीच्या चौकटीचा लोखंडी आकडा कॅरोलाइनच्या मांडीत घुसला, आणि काही आठवड्यांनी ती परत कामावर होती. दोघांनी मिळून २५०० तेजोमेघ आणि तारकागुच्छ नोंदवले, तीन याद्या १७८६, १७८९ आणि १८०२ मध्ये छापल्या. ॲपमध्ये एखाद्या दीर्घिकेवर बोट ठेवलं की एनजीसी आणि पुढे नंबर दिसतो ना, त्या १८८८ च्या यादीचा पाया या वह्यांत आहे. कॅरोलाइननं स्वतःच्या छोट्या दुर्बिणीनं आठ धूमकेतू शोधले. १७८७ पासून राजानं तिला वर्षाला ५० पाउंड पगार सुरू केला. इंग्लंडमध्ये विज्ञानाच्या कामासाठी पगार घेणारी ती पहिली स्त्री मानली जाते.

सगळ्यात मोठी दुर्बीण

आता ती मोठी गोष्ट. हर्शेलला आणखी खोल बघायचं होतं. राजानं मिळून ४००० पाउंड दिले, आणि १७८९ मध्ये स्लाव इथे चाळीस फुटी दुर्बीण उभी राहिली. आरसा १.२ मीटर व्यासाचा. माणूस वाकून चालत जाईल एवढी नळी, आणि ती पेलणारी घरापेक्षा उंच लाकडी चौकट. लोक बघायला गर्दी करायचे. पुढची पन्नासहून जास्त वर्षं जगात हिच्याहून मोठी दुर्बीण झाली नाही.

सुरुवात जोरदार झाली. २८ ऑगस्ट १७८९ ला शनीचा एन्सेलेडस आणि १७ सप्टेंबरला मिमास, असे दोन उपग्रह नोंदवले गेले. पण मग रोजची कटकट सुरू झाली. दुर्बीण फिरवायला माणसं लागायची. रात्रीच्या दमटपणात आरशावर पाणी धरायचं, धातू काळवंडायचा, आणि जवळपास टनभर वजनाचा आरसा उतरवून पुन्हा घासणं म्हणजे मोठं काम. एवढा मोठा धातूचा गोळा हवेइतका थंड व्हायलाच किती वेळ! इंग्लंडमध्ये ढग विरळ असलेल्या रात्री आधीच मोजक्या. त्यात तयारीतच अर्धी रात्र गेली तर बघणार कधी? हर्शेल हळूहळू वीस फुटीकडे परतला. युरेनसचे टायटॅनिया आणि ओबेरॉन हे दोन चंद्र १७८७ मध्ये वीस फुटीनंच सापडले होते, आणि याद्यांचं कामही तिच्यावरच पूर्ण झालं. चाळीस फुटीतून त्यानं शेवटचं पाहिलं ते १८१५ मध्ये.

जगातला सगळ्यात कुशल दुर्बीण बनवणारा माणूस, राजाचा पैसा, हाताखाली माणसं, तरी मोठ्या दुर्बिणीनं त्याला दमवलं. आपल्याकडे तर जून ते सप्टेंबर आकाश झाकलेलंच असतं. दुसरा मजला, लिफ्ट नाही, गच्चीची किल्ली सोसायटीच्या सेक्रेटरीकडे, अशा घरात पंचवीस किलोचा सेटअप आणला तर तो वर्षातून किती वेळा वर जाईल याचा हिशेब आधी करा.

सूर्य, आणि एक सक्त सूचना

१८०० च्या सुमारास हर्शेल सूर्य बघण्यासाठी रंगीत काचा तपासत होता. काही काचांतून उजेड कमी यायचा पण उष्णता जाणवायची. त्यानं लोलकातून सूर्यप्रकाशाचे रंग वेगळे केले आणि प्रत्येक रंगात थर्मामीटर ठेवला. लाल रंगाच्या पलीकडे, जिथे डोळ्याला काहीच दिसत नाही, तिथे पारा सगळ्यात जास्त चढला. हा अवरक्त प्रकाश, इन्फ्रारेड. टीव्हीच्या रिमोटचं बटण दाबून समोरचा छोटा दिवा फोनच्या सेल्फी कॅमेऱ्यातून बघा. काही फोनमध्ये तो जांभळट चमकताना दिसतो. तो हाच प्रकाश.

यातून घ्यायचा धडा गंभीर आहे: दुर्बिणीतून किंवा बायनॉक्युलरमधून सूर्याकडे बघू नका, फोनही लावू नका. नळीच्या तोंडावर बसणारा योग्य सौर फिल्टर असेल तरच बघा. आयपीसला लावायची छोटी काळी काच खोक्यात मिळाली तर फेकून द्या. उष्णतेनं ती तडकते आणि डोळा कायमचा जातो.

मुलगा, आणि फोटोची गोष्ट

विल्यमनं १७८८ मध्ये मेरी पिटशी लग्न केलं. १७९२ मध्ये जन्मलेला त्यांचा मुलगा जॉन हाही मोठा खगोलशास्त्रज्ञ झाला. पण आपल्यासाठी महत्त्वाचं म्हणजे फोटो पक्का करण्याचं रसायन, ज्याला पुढे हायपो म्हणू लागले, त्याचा चांदीच्या क्षारांवरचा हा गुण त्यानं १८१९ मध्ये शोधला. 'फोटोग्राफी', 'निगेटिव्ह', 'पॉझिटिव्ह' हे शब्द रूढ करण्यातही त्याचा मोठा वाटा. १८३९ मध्ये त्यानं काचेवर एक फोटो घेतला, तो होता वडिलांच्या चाळीस फुटी दुर्बिणीच्या चौकटीचा. चौकट कुजत चालली होती, लवकरच ती उतरवली गेली.

म्हणजे विल्यमनं आयुष्यात एकही फोटो काढला नाही. फोटोचा प्रश्न आपला आहे, तर त्याचं सरळ उत्तर. चंद्राचा फोटो आयपीसला फोन धरूनही छान येतो, अडॅप्टर क्लिप असेल तर आणखी छान. आकाशगंगेचा पट्टा किंवा नक्षत्रं टिपायला दुर्बीण लागतच नाही. अंधारी जागा, साधा ट्रायपॉड आणि फोनचा १०-१५ सेकंदांचा एक्स्पोजर पुरतो. तेजोमेघ आणि दीर्घिका यांचे रंगीत फोटो मात्र वेगळं प्रकरण. त्यात प्रकाश मिनिटा-मिनिटांनी साठवावा लागतो आणि तेवढा वेळ आकाश सरकत असतं. एक मीटर फोकल अंतराच्या दुर्बिणीत अर्ध्या-एक सेकंदातच ताऱ्याची रेघ दिसू लागते. म्हणून तिथे खर्चाचा मोठा भाग आकाशाच्या गतीनं फिरणाऱ्या मोटरच्या माउंटवर जातो, नळीवर नाही. बघणं आणि असे फोटो, दोन्ही एकाच पहिल्या बजेटमध्ये बसवायला गेलात तर दोन्ही अर्धवट राहतात.

मग घ्यायचं काय?

माझं मत मी सांगतो. पहिला महिना काहीच विकत घेऊ नका. फोनवर स्टेलॅरियमसारखं ॲप घ्या आणि नुसत्या डोळ्यांनी दहा-बारा नक्षत्रं ओळखा. मग ७×५० किंवा १०×५० बायनॉक्युलर, आणि त्यानंतर ११४ ते १५० मिमीची, डॉब्सोनियन स्टँडवरची आरशाची दुर्बीण. हा स्टँड म्हणजे वर-खाली, डावी-उजवीकडे फिरणारी साधी लाकडी पेटी, हर्शेलच्या चौकटीचाच सोपा अवतार. दोन आयपीस पुरे, एक कमी पटीचा, एक जास्त. बाहेर नेल्यावर अर्धा तास आरसा थंड होऊ द्या. आणि एक वही ठेवा: तारीख, वेळ, काय दिसलं.

विल्यम हर्शेल २५ ऑगस्ट १८२२ ला, त्र्याऐंशी वर्षांचा होऊन स्लावमध्ये वारला. युरेनसला सूर्याभोवती फिरायला चौऱ्याऐंशी वर्षं लागतात. कॅरोलाइन हॅनोव्हरला परतली, तिथे बसून तिनं भावाच्या नोंदी नीट लावून दिल्या, १८२८ मध्ये लंडनच्या खगोल संस्थेचं सुवर्णपदक मिळवलं आणि १८४८ मध्ये सत्त्याण्णवव्या वर्षी गेली.

ज्या जागी हर्शेलनं युरेनस पाहिला, तिथे तो २०३३ च्या सुमारास तिसऱ्यांदा परत येतोय. सध्या तो वृषभ राशीत हळूहळू तिकडेच सरकतोय. शहराबाहेरून साध्या बायनॉक्युलरमध्ये तो ताऱ्यासारखा दिसतो, ११४ मिमीच्या दुर्बिणीत जास्त पट लावली की लहानशी फिकट हिरवट-निळी थाळी. ॲपमध्ये नाव टाका, जागा बघून घ्या, आणि पुढच्या निरभ्र रात्री शोधा.